डिवचणे की चिथावणे?

टार्निटमधल्या आमच्या घरी परवा मुलीने विचारलं, “बाबा, अँटॅगनाइजला मराठीत काय म्हणायचं?” मी पटकन “चिथावणे” म्हणून मोकळा झालो. पुण्याहून आलेली आई लगेच म्हणाली, “अरे, ते डिवचणं!”

आईचं बरोबर होतं. डिवचलेला माणूस डिवचणाऱ्यावरच उलटतो. चिथावलेला तिसऱ्याच कुणावर धावून जातो. ताईने धाकट्याला खिजवलं तर ते डिवचणं, आणि त्याला माझ्याविरुद्ध भरवलं तर चिथावणं. (दोन्ही आमच्याकडे रोज चालतं!)

मंडळी, मला वाटतं लोकमान्य टिळकांचा १८९७ सालचा खटला याच फरकापाशी येऊन ठेपतो. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापून आली. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. जुलैत टिळकांना अटक झाली. कलम १२४-अ प्रमाणे लोकांच्या मनात सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ चेतवणं हा गुन्हा. म्हणजे आरोप चिथावल्याचा. टिळकांनी सरकारला डिवचलं होतं यात शंकाच नाही, प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावर ‘केसरी’ सडकून लिहीत होता. पण चिथावणं? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार सगळं त्यात आलं, आणि प्रत्यक्ष दंगा व्हायलाच हवा असंही नाही. अर्थ इतका सैल केल्यावर डिवचणारा आपोआप चिथावणारा ठरतो! सहा युरोपियन ज्युरर म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ साली पुन्हा तेच कलम. खास ज्युरीत मराठी न जाणणारे युरोपियनच जास्त येतील, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप मानला गेला नाही. टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले. सरकारी भाषांतरात आपल्या मराठी शब्दांचे अर्थ कसे बिघडले, हे त्यांनी शब्दाशब्दाला दाखवलं. न्यायासनावर होते दावर, १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले तेच! सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, आणि सहा वर्षं मंडालेची.

ते कलम १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेबरोबर गेलं. नव्या न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये ‘डिसअफेक्शन’ नाही, पण चेतवण्याचं जुनं इंग्रजी क्रियापद ‘एक्साइट’ तसंच आहे.