हिशेबाची वही आणि मार्टिन ल्युथर किंग यांच्यावरचा १९६० चा खटला



आपल्या चळवळीत एक वाक्य फार ऐकू येते : "हिशेबठिशेब ठेवणे हे शेटजींचे काम, आपण रस्त्यावरची माणसे." हे ऐकायला लढाऊ वाटते, पण आम्हाला ते धोक्याचे वाटते. का, ते सांगण्यासाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे मार्टिन ल्युथर किंग म्हटले की वॉशिंग्टनचे भाषण आठवते. त्याच किंग यांना प्राप्तिकराच्या विवरणपत्रावरून तुरुंगात घालण्याचा डाव राज्याने रचला होता, हे फारसे कुणी सांगत नाही.

ज्या १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच साली मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार चालू होता. तो ३८१ दिवस चालला आणि जिंकला. गोऱ्या सत्ताधाऱ्यांना हा पराभव पचला नाही. त्यांनी लाठी वापरलीच, पण लाठीपेक्षा कागद जास्त वापरला. १९५६ मध्येच राज्याचे महाअधिवक्ता जॉन पॅटरसन यांनी एनएएसीपी या संघटनेला कोर्टात खेचून राज्यात तिचे काम बंद पाडले आणि सभासदांची यादी मागितली. यादी मिळाली असती तर एकेकाची नोकरी गेली असती. हेच पॅटरसन पुढे गव्हर्नर झाले. किंग यांच्यावर खटला भरला गेला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

१९६० च्या सुरुवातीला किंग मॉन्टगोमेरी सोडून अटलांटाला राहायला गेले. सुमारास राज्याच्या महसूल खात्याने त्यांची १९५६ आणि १९५८ ची विवरणपत्रे तपासायला घेतली. १७ फेब्रुवारीला त्यांना अटलांटात अटक झाली. नुसती थकबाकी काढून ते थांबले नाहीत. विवरणपत्रावर सही करताना खोटी शपथ घेतली, असा गंभीर फौजदारी गुन्हा लावला. त्या राज्यात करावरून असा खटला याआधी कुणावर झाला नव्हता. मागणी किती? साधारण १,७०० डॉलर!

आता मुद्दा काय होता तो नीट बघा, कारण तो आपल्या गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही लागू आहे. किंग हे चर्चचे पगारी पाद्री, शिवाय दोन संघटनांचे अध्यक्ष. गावोगाव भाषणे. विमानाचे भाडे, हॉटेल, टॅक्सी आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, नंतर संघटना ते पैसे परत द्यायची. हे परत आलेले पैसे त्यांच्याच बँकखात्यात जमा व्हायचे. तपासनिसाने खात्यातल्या जमा रकमांची बेरीज केली आणि ती कमाई धरली. पण खर्च केलेला पैसा परत मिळाला तर ते उत्पन्न कसे? नाहीच. फक्त तो खर्च झाला होता हे दाखवता आले पाहिजे.

आणि ते दाखवता आले! किंग यांच्याकडे डायऱ्या होत्या. प्रवासात कुठे किती खर्च झाला आणि कुठून किती मिळाले, हे त्यांनी टिपून ठेवले होते. शिकागोचे करविषयक वकील चॉन्सी एस्क्रिज यांनी त्या नोंदी घेऊन जमा रकमांशी ताळा घातला. न्यूयॉर्कचे ह्युबर्ट डिलेनी, शिकागोचेच विल्यम मिंग, मॉन्टगोमेरीचे फ्रेड ग्रे, बर्मिंगहॅमचे आर्थर शोअर्स असे कृष्णवर्णीय वकील एकत्र उभे राहिले. मे महिन्याच्या अखेरीस खटला चालला. राज्याचा मुख्य साक्षीदार होता तपासणी करणारा अधिकारी लॉइड हेल. उलटतपासणीत त्याला मान्य करावे लागले, की लबाडीचा पुरावा सापडला नाही असे त्यानेच किंग यांना सांगितले होते.

ज्युरीत बारा पुरुष, बाराही गोरे. २८ मे रोजी त्यांनी जेमतेम पावणेचार तास चर्चा केली आणि निकाल दिला : निर्दोष. किंग यांना स्वतःलाही ही आशा नव्हती. काही लोक याला गोऱ्यांच्या सद्सद्विवेकाचा विजय म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्याच शहरातल्या गोऱ्या ज्युरींनी कृष्णवर्णीयांविरुद्ध दिलेले निकाल आठवा. इथे वहीने त्यांना दुसरी वाटच ठेवली नाही. सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडूनच आरोप कोसळला, मग ज्युरी काय करणार?

बाबासाहेबांच्या अनुयायांना हे नवे वाटायला नको. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन, प्राप्तिकरावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. ज्या माणसाने सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा अभ्यास केला, त्याचे नाव घेणाऱ्यांनी चहाच्या बिलाला नाक मुरडावे?

आज आपली पोरे छापखाना, मंडप-साउंड, कोचिंग क्लास, गाडीचा व्यवसाय करतात आणि त्याच मोबाइलवरून जयंतीची वर्गणीही घेतात. एकच खाते, एकच क्यूआर कोड! नोटीस आली की सगळी जमा रक्कम कमाई दिसते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ ची अट साधी होती : खर्च संपूर्णपणे धंद्यासाठीच झालेला हवा, खासगी नको. तत्त्व आजही तेच आहे. म्हणून वर्गणीचे खाते वेगळे काढा. पेट्रोलची पावती त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, मागे कुठे गेलो होतो ते लिहा. घरचा आणि धंद्याचा मोबाइल एकच असेल तर धंद्याचा वाटाच दाखवा. नोटिशीला घाबरून गप्प बसू नका आणि मुदत चुकवू नका. तपासणीची उत्तरे आता पोर्टलवरच द्यायची असतात, तेव्हा विचारले तेवढेच, कागदासह, सीएला दाखवून द्या. आणि हो, प्रत्येक नोटीस मनुवाद्यांचा कट नसते. पण कट असलाच तर कामाला येते ती वहीच, घोषणा नाही.

किंग यांच्या बचावासाठी निधी हवा होता, म्हणून २९ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली गेली. तीत किंग यांना सात वेळा अटक झाल्याचे छापले होते, प्रत्यक्षात अटका चार होत्या. अशाच बारीक चुका पकडून मॉन्टगोमेरीचे आयुक्त सलिव्हन यांनी वृत्तपत्रावर आणि चार कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांवर दावा ठोकला. स्थानिक ज्युरीने पाच लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचा तो पाया ठरला. तोवर त्या चौघांपैकी राल्फ अॅबरनॅथी यांची गाडी जप्त होऊन विकलीही गेली होती.