अकरा लॉक आणि एक चाक

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो. पाटबंधारे खातं, आवर्तन, पाणी कधी सुटणार याची चर्चा. ब्रिटनमध्ये मात्र कालवा म्हणजे रस्ता. रेल्वे येण्याआधीचा, पाण्याचा, माल वाहून नेणारा रस्ता. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या अशाच एका रस्त्यावरून आठवडाभर नॅरोबोटीने फिरायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलंय. मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं. मी नकाशा उघडला आणि सुट्टी बाजूला राहून इतिहासच सुरू झाला.

पहिली गंमत म्हणजे नॅरोबोट ही मुळात स्कॉटिश नव्हेच. ती इंग्लंडची. तिथल्या मध्य भागातले कालवे खोदताना लॉक अगदी अरुंद बांधले. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: दोन दरवाज्यांमधल्या हौदात होडी घ्यायची, पाणी भरून तिला वर चढवायचं किंवा सोडून खाली उतरवायचं. त्या लॉकमध्ये मावावी म्हणून होडी जेमतेम २.१ मीटर रुंद झाली. स्कॉटलंडच्या फोर्थ अँड क्लाइड कालव्याचे लॉक सुमारे ६ मीटर रुंद आहेत, कारण तो समुद्रातल्या जहाजांसाठी होता. शिवाय स्कॉटलंडचे कालवे इंग्लंडच्या जाळ्याला जोडलेलेच नाहीत. म्हणजे आमची होडी तिथली पाहुणी.

दुसरा प्रश्न, कुठला कालवा? फोटो बघून सगळ्यांना कॅलेडोनियन हवा होता. डोंगर, लॉक नेस, सगळं त्यावर. (हे ‘लॉक’ म्हणजे सरोवर, गोंधळ करू नका.) १८०३ साली थॉमस टेलफर्डने त्याचं काम सुरू केलं, १८२२मध्ये तो खुला झाला. पण त्याच्या सुमारे ९७ किलोमीटरांपैकी खोदलेला भाग फक्त ३५ किलोमीटर. बाकी सगळी मोठी सरोवरं. वारा सुटला की तिथे चांगल्याच लाटा उठतात, आणि नॅरोबोट सपाट तळाची. तो बेत रद्द झाला.

उरली ग्लासगो आणि एडिंबरा यांच्यामधली जोडी. फोर्थ अँड क्लाइडचं काम १७६८मध्ये जॉन स्मीटनच्या आराखड्यावर सुरू झालं आणि १७९०मध्ये संपलं. लांबी ५६ किलोमीटर, लॉक ३९. यावरच १८०३मध्ये विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडस’ या वाफेच्या बोटीने दोन जड बार्ज ओढून दाखवल्या. पण लाटांनी काठ ढासळतील या भीतीने तिला कायमचं काम मिळालं नाही. घोडेच चालू राहिले.

१८२२मध्ये त्याला येऊन मिळाला युनियन कालवा. एडिंबरापासून फॉलकर्कपर्यंत सुमारे ५० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून ७३ मीटरांवर एकाच पातळीत, टेकड्यांना वळसे घालत. वाटेत लॉक नाही. फॉलकर्कपाशी मात्र ६३१ मीटरांचा बोगदा आहे, कारण तिथले जमीनदार विल्यम फोर्ब्स यांना आपल्या वाड्यातून कालवा दिसायला नको होता! तो हातांनी खोदला मजुरांनी. युनियनवर आयर्लंडहून आलेले अनेक मजूर होते. त्यांतला एक विल्यम बर्क, जो पुढे एडिंबऱ्यात साथीदारासह खून करून प्रेतं विकण्याबद्दल कुप्रसिद्ध झाला.

फॉलकर्कला दोन्ही कालव्यांच्या पातळीत ३५ मीटरांचा फरक होता. तो भरून काढायला ११ लॉकची रांग होती आणि ती पार करण्यात जवळपास एक दिवस जाई. १८४२मध्ये एडिंबरा–ग्लासगो रेल्वे सुरू झाल्यावर कोण थांबणार? धंदा आटत गेला. १९३३मध्ये ती रांग बुजवली. नव्या हमरस्त्यासाठी उघडणारा पूल बांधायचा खर्च टाळण्यासाठी १९६३च्या १ जानेवारीला फोर्थ अँड क्लाइड बंद झाला, १९६५मध्ये युनियन. एडिंबऱ्याच्या वेस्टर हेल्स भागात तर कालवा पाइपांत घालून वर वस्ती उभी केली.

मग काठावरच्या लोकांनी आणि संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी आठ कोटी पौंडांच्या आसपास खर्च करून दोन्ही कालवे पुन्हा उघडले. मोठा वाटा लॉटरीच्या पैशांचा. वेस्टर हेल्समध्ये कालवा नव्याने खोदावा लागला. एक पूल वाचवण्यासाठी जे बंद केलं, ते परत मिळवायला अनेक पूल बांधावे लागले. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

अकरा लॉकच्या जागी २००२मध्ये आलं फॉलकर्क व्हील. ३५ मीटर व्यासाचं चाक, दोन टोकांना पाण्याने भरलेले दोन हौद. होडी आत आली की स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते, त्यामुळे दोन्ही हौदांचं वजन सारखंच राहतं. आर्किमिडीजचा शाळेतला नियम! म्हणून एका फेरीला साधारण दीड युनिट वीज पुरते. चाक २४ मीटर उचलतं, उरलेल्या उंचीसाठी वर दोन लॉक आहेत. मध्ये छोटा बोगदा, आणि तो जातो दुसऱ्या शतकातल्या रोमन अँटोनाइन भिंतीखालून.

तर आमचा बेत असा: फॉलकर्कहून चाकाने वर, बोगद्यातून एडिंबरा, आणि परत. एकूण १०० किलोमीटर. वेगमर्यादा ताशी साधारण ६.४ किलोमीटर, म्हणजे प्रत्यक्ष चालवणं सोळा-सतरा तास. आठवड्यात आरामात बसतं. वाटेत १२ कमानींवरून एव्हन नदी ओलांडायची, सुमारे २६ मीटर उंचीवरून. एडिंबऱ्याच्या अलीकडे हर्मिस्टनला थांबायचं, हा माझा हट्ट. तिथे १८३४मध्ये जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून एका लाटेचा पाठलाग करत गेला. दोन घोडे ओढत असलेली होडी अचानक थांबली आणि तिच्यापुढची लाट एकटीच, आकार न मोडता पुढे धावली. त्या एकट्या लाटेला आज सॉलिटॉन म्हणतात, आणि ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाचे स्पंद पाठवण्याच्या अभ्यासात तिचं गणित वापरलं जातं.

चाकाची वेळ आधी ठरवावी लागते, तेवढं काम उरलंय. बाकी होडी चालवायची पाळी कुणाची, यावर चौघांचं अजून भांडण चालू आहे.