देवाने मलाच का हेरले?

माउली, २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-वारणेचे पाणी आपल्या वाळवा तालुक्यात शिरले. ऊस कुजला, घरे पडली. अशा वेळी इस्लामपूरच्या माळकऱ्याच्याही तोंडून निघून जाते, "वारी चुकवली नाही, मग देवाने मलाच का हेरले?" असे विचारणे पाप नव्हे. हा प्रश्न तुकोबारायांच्या उंबऱ्यावरही आला होता.

१६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. आईवडील आधीच गेलेले. आता व्यापार बुडाला, थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा विठ्ठल, आणि ही अवस्था!

तुकोबा देवाशी भांडले. गाथेत कितीतरी कठोर बोल आहेत. पण देवाकडे पाठ फिरवली नाही. पडके देऊळ पुन्हा उभे केले. मग सावकारीची खते काढली. अर्धी भाऊ कान्होबाला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते.

याचे मर्म ध्यानात घ्या. दुष्काळ एकट्या तुकोबांवर आला नव्हता. खतांत ज्यांची नावे होती, त्यांच्याही चुली विझल्या होत्या. संतू काही परत आला नाही. दुःख तेवढेच राहिले. 'मलाच' हा शब्द मात्र खतांबरोबर बुडाला.

तुमच्यावर वेळ आली, तर विठोबाला खुशाल जाब विचारा. तो आपलाच आहे. फक्त राउळाकडे जाताना शेजारची चूल पेटली आहे का, तेवढे पाहून जा.

रामकृष्ण हरी.