गोधडीवरील आत्मचरित्र

आत्मचित्र म्हटले की आरसा, कुंचला आणि तैलरंग डोळ्यांपुढे येतात. सुईदोऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे आपली कथा आपल्याच शब्दांत सांगण्याचा अधिकार किती सायासाने मिळतो, हे ध्यानात येते.

जॉर्जिया प्रांतात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलातील प्रसंग कापडाच्या आकृत्या कातरून गोधडीवर शिवले. १८८६ साली अथेन्स गावच्या प्रदर्शनात ती पाहून चित्रकलेच्या एका शिक्षिकेने तिला मागणी घातली, पण पॉवर्सबाईंनी नकार दिला. पुढे ओढगस्तीमुळे अवघ्या ५ डॉलरांस ती विकावी लागली. देतेवेळी त्यांनी एकेका चित्राचा अर्थ सांगितला, आणि तो खरेदीदार बाईंनी लिहून ठेवला. म्हणजे गोधडी एकीची, लेखणी दुसरीची!

ती लेखणी कापडावरच चालविली फेथ रिंगोल्ड यांनी. त्यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. त्यांची खापरपणजी गुलामगिरीत असताना मालकांसाठी गोधड्या शिवीत असे. आई विली पोझी पोशाखांचे नवे नमुने रचीत. रिंगोल्डबाई स्वतः चित्रकार. १९७२ साली ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी थंका त्यांच्या पाहण्यात आल्या, आणि त्यांनी आपल्या चित्रांनाही कापडी किनार लावण्यास आरंभ केला. अशी चित्रे गुंडाळून कोठेही नेता येत. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. पुढल्याच वर्षी आई निवर्तली.

त्याच काळात रिंगोल्डबाईंच्या आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना. तेव्हा १९८३ पासून त्यांनी गोधडीवरच चित्रांसह कथा लिहिण्यास प्रारंभ केला. १९८६ सालच्या ‘चेंज’ या गोधडीत तर त्या स्वतःच विषय झाल्या. निरनिराळ्या वयांतील आपली छायाचित्रे त्यांनी रेशमी व सुती कापडावर उमटविली, आणि आपल्या वाढत्या वजनाची हकीकत शेजारी लिहिली. शंभर पौंडांहून अधिक वजन उतरविल्याचा उल्लेख गोधडीच्या पूर्ण नावातच आहे. कुंचल्याने रंगविलेले आत्मचित्र बहुधा एका वयाचे असते. येथे बालपणापासूनचे चेहरे एकाच वस्त्रात सांधले आहेत.

ते आत्मचरित्र अखेर १९९५ साली छापून निघाले. २०२४ साली रिंगोल्डबाई निवर्तल्या. आज पॉवर्सबाईंची गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि रिंगोल्डबाईंच्या गोधड्याही मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने टांगल्या जातात.

आपल्याकडील गोधडीतही आजीचे लुगडे आणि आजोबांचे धोतर असते; मात्र तिच्यावर अक्षरे नसतात. कोणता तुकडा कोणाचा, हे जाणणारे माणूस घरात आहे तोवर ते विचारून, लिहून ठेवावे, एवढीच श्रोत्यांस विनंती आहे.