जावा-येझदी मोटारसायकल: एक ऐतिहासिक आकलन

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणारा जुना महामार्गच मोटारसायकलस्वारांचा मार्ग राहिला आहे. या मार्गावर २०१८ साली पुनरुज्जीवित झालेली 'जावा' चालविणारा तरुण तिच्या जुन्या वळणाच्या रूपावर लुब्ध असतो. परंतु जावाचे महत्त्व केवळ रूपात शोधणे अपुरे ठरते.

मूळ जावा चेकोस्लोव्हाकियातील. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव 'यानेचेक' व 'वाँडरर' या दोन नावांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झाले. मुंबईचे रुस्तम इराणी हे तिचे आयातदार होते. १९५०च्या दशकात आयातीवर निर्बंध आले, तेव्हा आयातदारालाच उत्पादक व्हावे लागले. १९६० मध्ये म्हैसूर येथे 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापन झाली व १९६१ पासून उत्पादन सुरू झाले. १९७०च्या दशकात 'जावा' या नावाची जागा 'येझदी'ने घेतली.

१९८०च्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या १०० सीसीच्या मोटारसायकलींनी इंधनबचतीचा नवा निकष रूढ केला. २५० सीसीची टू-स्ट्रोक येझदी त्यापुढे टिकली नाही व १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. संरक्षित बाजारपेठेत वाढलेल्या उद्योगाची ही मर्यादा होय.

नव्या जावाचे इंजिन फोर-स्ट्रोक व द्रवशीतित आहे. वारसा आहे तो रूपाचा. जुनी जावा मात्र नियोजनकाळातील आयातपर्यायी धोरणाचे साधन म्हणून अभ्यासली जाणे आवश्यक ठरते.