स्त्रियांची कैवारीण: ताराबाई शिंदे

वऱ्हाडच्या पश्चिम सीमेवर, अजिंठ्याच्या डोंगरांत, बुलढाणें हें गांव वसलें आहे. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील कपाशीची काळी जमीन आणि घाटावर पैनगंगेच्या उगमाचा डोंगराळ मुलूख, अशा दोन प्रदेशांच्या मध्यें तें उभें आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढें या थंड हवेच्या ठिकाणीं जिल्ह्याची कचेरी आली, आणि कचेरीबरोबर कारकून, वकील व टपाल हींहि आलीं. याच जिल्ह्यांतील सिंदखेड हें जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि ठाऊक आहे. परंतु बुलढाण्याची दुसरी एक कन्या, जिनें हातांत लेखणी घेऊन एका परक्या, अनोळखी विधवेची बाजू साऱ्या समाजापुढें मांडली, तिचें नांव मात्र जवळजवळ शंभर वर्षें विस्मृतींत पडून राहिलें. तिचें नांव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास एका सुखवस्तु मराठा घराण्यांत झाला. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते. सुशिक्षितांना उद्देशून लिहिलेलें त्यांचें एक पुस्तक १८७१ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. पुढें पुण्यांत १८७३ च्या सप्टेंबरांत जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हां बापूजींचा ओढा त्या समाजाकडे वळला. मुलींना शिकविण्याची सोय त्या काळीं बुलढाण्यांत नव्हती. तेव्हां बापूजींनीं आपल्या एकुलत्या एका मुलीला घरींच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें ताराबाईंचें लग्न लहानपणींच झालें. परंतु जांवई घरींच येऊन राहिल्यामुळें सासरच्या उंबरठ्याआड त्यांची विद्या कुजून गेली नाहीं. त्यांना मूलबाळ झालें नाहीं. वाचन, विचार आणि भोंवतालच्या संसारांचें निरीक्षण यांस त्यांना भरपूर अवसर मिळाला.

लहान वयांत आपल्या समाजाची बाजू मांडणाऱ्या मुलींची परंपरा महाराष्ट्रांत त्यापूर्वींच सुरू झालेली होती. १८४८ मध्यें पुण्यांत मुलींच्या शाळेंत शिकवावयास उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फुले अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. फुल्यांच्याच शाळेंतील मुक्ता साळवे हिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि १८५५ मध्यें तो ‘ज्ञानोदया’नें छापला, त्या वेळीं तिचें वय चौदाच्या आसपास होतें. मात्र या दोघींच्या पाठीशीं शाळा होती, शिक्षक होते, पुण्यासारखें शहर होतें. बुलढाण्याच्या ताराबाईंपाशीं वडिलांचें घर आणि स्वतःची लेखणी यांखेरीज कांहीं नव्हतें. सभा नाहीं, मंडळ नाहीं, वर्तमानपत्र नाहीं. त्यांच्या कार्याचें मोल करतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

१८८१ मध्यें सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर, आपल्या नवजात अर्भकाचा प्राण घेतल्याचा आरोप शाबीत झाला आणि तिला फांशीची शिक्षा फर्मावण्यांत आली. मुंबईच्या हायकोर्टांत अपील झाल्यावर ती शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. एका बाईच्या या अपराधामागें साऱ्या समाजाची रचना उभी होती. उच्च मानलेल्या जातींत विधवेला पुनर्विवाहाची मनाई होती. १८५६ च्या कायद्यानें तो विवाह सशास्त्र नव्हे तरी कायदेशीर ठरविला होता खरा, पण रूढीपुढें कायद्याचें कांहीं चालत नव्हतें. अशा विधवेला दिवस गेले तर बहिष्कार, विटंबना आणि घरांतून हकालपट्टी एवढेंच तिच्या वांट्याला येई. ज्या पुरुषामुळें तें घडे, तो मात्र उजळ माथ्यानें पंक्तीला बसे. हें ओळखूनच जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें होतें. विधवांनीं तेथें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें आणि मूल हवें तर तेथेंच ठेवून जावें, अशी त्यांत व्यवस्था होती. सुरतेच्या त्या मुलीच्या नशिबीं असें कोणतेंहि दार उघडें नव्हतें.

खटल्याची हकीकत वर्तमानपत्रांत आली, तशी टीकेचीहि झोड उठली. पुण्याच्या कांहीं पत्रांनीं या एका प्रकरणावरून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा मांडला. स्त्रिया मुळांतच चंचल व कपटी, आणि नव्या शिक्षणानें त्या अधिकच बेताल झाल्या, असा त्यांचा सूर होता. हें वाचून शेंकडों लोकांनीं माना डोलविल्या असतील. बुलढाण्यांत एका बाईनें मात्र उत्तर लिहावयास घेतलें. विजयालक्ष्मी तिच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, प्रांताची नव्हती, भाषेचीहि नव्हती. नातें होतें तें केवळ स्त्रीपणाचें.

तें उत्तर ‘स्त्रीपुरुषतुलना’ या नांवानें १८८२ मध्यें पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. पुस्तक लहान, परंतु त्याची धार मोठी. पुस्तकाच्या आरंभीं ताराबाई स्वतःची ओळख करून देतात ती मोठ्या नम्रतेनें: आपण मराठ्यांच्या चालीप्रमाणें घराच्या चार भिंतींआड राहिलेली, बुद्धीनें सामान्य अशी एक बाई आहों, आणि हा आपला पहिलाच प्रयत्न आहे. ही नम्रता पहिल्या पानांपुरतीच टिकते. पुढें एखाद्या निष्णात वकिलाप्रमाणें त्या पुरुषजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतात.

त्यांची युक्तिवादाची रीत मोठी मनोरंजक आहे. स्त्रीच्या अंगीं संशय, साहस, कपट, अविचार इत्यादि दुर्गुण भरलेले आहेत, अशी एक यादी जुन्या संस्कृत सुभाषितांत सांपडते, आणि विद्वान् मंडळी ती मोठ्या हौसेनें म्हणून दाखवीत. ताराबाई ती यादीच हातांत घेतात आणि एकेका दुर्गुणाचें माप पुरुषांच्या पदरांत घालून पाहतात. कपट म्हणाल तर बाजारांत, कचेरींत आणि दरबारांत तें कोण करतें? साहस म्हणाल तर खून, दरोडे, लांच यांसाठीं तुरुंग कोणी भरले आहेत? स्त्रीला पापाच्या वाटेला लावणारा तरी कोण, आणि पाप उघडकीस आल्यावर काखा वर करणारा कोण? तराजू एकदां हातीं घेतल्यावर दोन्ही पारडीं सारख्याच न्यायानें तोलावयाचीं, हा त्यांचा आग्रह. पुस्तकाच्या नांवांतील ‘तुलना’ या शब्दाचा अर्थ हाच आहे.

विधवा आणि विधुर यांची तुलना तर त्यांनीं अत्यंत तळमळीनें केली आहे. पति मेला कीं स्त्रीच्या केसांवर वस्तरा फिरतो, अंगावरचे दागिने उतरतात, तिचें तोंड पाहणेंहि अशुभ ठरतें. आणि बायको मेली तर पुरुष थोड्याच दिवसांत दुसऱ्या बोहल्यावर उभा! दोघांचा जोडीदार गेला, मग एकट्या स्त्रीचाच जन्म कां संपावा? सावित्रीनें पतीसाठीं यमाची पाठ धरली, ही कथा पतिव्रतेच्या गौरवार्थ सर्वत्र सांगितली जाते. पण आपल्या बायकोसाठीं यमाच्या दारापर्यंत गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय, असा बिनतोड सवाल ताराबाई टाकतात. धर्म म्हणून जें सांगितलें जातें, तें दोघांनाहि सारखेंच कां लागूं नये, हा त्यांचा मूळ प्रश्न होय.

त्यांच्या टीकेंतून नवे लोकहि सुटले नाहींत. इंग्रजी पोशाख, इंग्रजी बूट आणि इंग्रजी चालीरीती यांचा अंगीकार करतांना ज्यांना धर्म आडवा आला नाहीं, त्यांना घरांतील बायकोची स्थिति सुधारण्याच्या वेळींच धर्म कसा आठवतो, असें त्या विचारतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळीं आवडीनें वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांचाहि त्या समाचार घेतात. ताराबाईंची भाषा पंडिती नाहीं. ती घरांतल्या बायकांच्या बोलण्याची, म्हणींनीं व टोमण्यांनीं भरलेली, मधूनच रागानें उसळणारी आणि मधूनच रडकुंडीला येणारी भाषा आहे. मराठी गद्यांत तसा आवाज त्यापूर्वीं क्वचितच उमटला असेल.

या पुस्तकाचें स्वागत मात्र थंडेपणानें, किंबहुना कुचेष्टेनेंच झालें. टीकाकारांत केवळ जुन्या मताचेच लोक होते असें नाहीं; सुधारणेचे म्हणविणारेहि नाकें मुरडूं लागले. ताराबाईंच्या पाठीशीं खंबीरपणें उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ मध्यें ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिक पुस्तिकेंत त्यांनीं ताराबाईंचा मोठ्या आपुलकीनें उल्लेख केला आणि त्यांच्या ग्रंथाची बाजू घेतली. तोंवर तीन वर्षें लोटलीं होतीं. त्यानंतर ताराबाईंचें दुसरें पुस्तक प्रसिद्ध झालेलें आढळत नाहीं. तिशी नुकतीच ओलांडलेल्या या लेखिकेचा पहिला ग्रंथ हाच शेवटचा ठरला. १९१० च्या सुमारास त्यांचें निधन झालें.

याच १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यांत आल्या. त्यांचें वय होतें चोवीस. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ति आधींच पसरलेली होती; पुण्यांतील सुधारक मंडळींनीं त्यांना हात दिला, आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि हंटर कमिशनपुढें त्यांची साक्षहि झाली. पुढें रमाबाईंनाहि विरोध कमी झाला नाहीं, परंतु त्यांच्या शब्दांतून संस्था उभ्या राहिल्या. बुद्धि व तेज यांत ताराबाई उण्या नव्हत्या. उणें होतें तें ऐकणाऱ्यांचें मंडळ. पुण्याचा छापखाना त्यांच्या पुस्तकाला मिळाला, पण पुण्याची सभा मिळाली नाहीं. आणि बुलढाण्यांत तर ती नव्हतीच.

जोतीरावांच्या कार्याचा वसा बुलढाणा जिल्ह्यानें पुढेंहि चालविला. याच जिल्ह्यांतील तरुण सत्यशोधक पंढरीनाथ सीताराम पाटील यांनीं १९२७ मध्यें चिखली येथून महात्मा जोतीराव फुले यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. गुरूचें नांव असें जिल्ह्यांत जागतें राहिलें. ताराबाईंच्या ग्रंथाला मात्र १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं तो शोधून पुन्हां छापला. १९९४ मध्यें रोझालिंड ओहॅन्लन या विदुषीनें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि नऊ आण्यांचें तें पुस्तक जगांतील विद्यापीठांत वाचलें जाऊं लागलें.

समाजाचें पुढारीपण अधिकाराच्या जागेवरूनच करतां येतें, असा एक समज आहे. ताराबाईंपाशीं कोणतीहि जागा नव्हती. दूरच्या एका मुलीवर होणारा अन्याय त्यांनीं आपला मानला आणि तो आपल्या नांवानिशीं बोलून दाखविला. पुढारीपणाचा आरंभ यांतच असतो. पण आरंभ झाला म्हणजे कार्य सिद्धीस जातें असें नाहीं. नव्या माणसाचा पहिला शब्द उमटतो, त्या वेळीं वडीलधाऱ्यांनीं कान द्यावा लागतो, पाठीवर हात ठेवावा लागतो. बापूजींनीं मुलीच्या हातीं पाटी दिली, जोतीरावांनीं तिची पाठराखण केली. बाकीच्यांनीं पाठ फिरविली. त्या पाठ फिरविण्यामुळें मराठी भाषेचीं किती पुस्तकें लिहिलींच गेलीं नाहींत, याचा हिशेब कोण करणार? बुलढाण्याच्या घाटावरून आज जी मुलगी शाळेला जाते, ती उद्यां आपल्या गांवाच्या वतीनें बोलावयास उभी राहील, तेव्हां तिला दुसऱ्या पुस्तकाची संधि मिळावी, हीच ताराबाईंच्या ऋणाची खरी फेड होय.