सायंकाळच्या आकाशातील ठळक ग्रह व तारे : ओळख

सूर्यास्तानंतर नुसत्या डोळ्यांना दिसणारी ठळक ज्योत ग्रहाची की ताऱ्याची, हे ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तिचे आकाशातील स्थान. तेज, रंग व लुकलुक या खुणा नंतरच्या. ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत असल्याने ते क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, आसपासच वावरतात. रात्रीचा सर्वांत तेजस्वी तारा व्याध (प्रत −१.४६) या मार्गाच्या सुमारे ४०° दक्षिणेस आहे, त्यामुळे तो कितीही झगमगला तरी ग्रह ठरत नाही. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७° पलीकडे जात नाही आणि आकाश ताशी १५° सरकते; म्हणून मध्यरात्री माथ्यावर तळपणारी ज्योत शुक्र नव्हे, बहुधा गुरू असतो. (‘शुक्राची चांदणी’ म्हणताना भाषेने मात्र ग्रहाला खुशाल ताऱ्यांत बसवले आहे.)

तारे लुकलुकतात, ग्रह नाही, हा सोपा नियम पुरेसा नाही का? त्याला आधार आहे. तारा बिंदुवत दिसतो, ग्रहाची मात्र सूक्ष्म तबकडी असते आणि तिच्या निरनिराळ्या भागांतील चढउतार एकमेकांना भरून काढतात. पण क्षितिजालगत हवेचा थर जाड असल्याने तेथे शुक्रही थरथरतो, आणि बुध तर बहुधा तेथेच दिसतो. नियम नेमका गरजेच्या वेळी दगा देतो. तेजाचेही तसेच : मंगळाची प्रत −२.९ पासून +१.८ पर्यंत बदलते, म्हणजे उजेडात सत्तरपटींहून अधिक फरक.

क्रांतिवृत्ताजवळ तारेही आहेत, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तेथे पहिल्या प्रतीचे तारे पाचच : रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा व ज्येष्ठा. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूस रोहिणीकडे, दुसऱ्या बाजूस व्याधाकडे जाते. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेल्यास स्वाती व मग चित्रा सापडते. तांबूस ज्येष्ठेची मंगळाशी गल्लत जुनीच. तिचे ग्रीक नावच ‘मंगळाचा प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाचे आहे. शंका उरल्यास काही आठवडे शेजारच्या ताऱ्यांशी अंतर ताडून पाहावे, मंगळ सरकलेला दिसतो. शनीबाबत ही कसोटी मंद चालते. तो वर्षाला सरासरी १२° च सरकतो, एका राशीस अडीच वर्षे घेतो. साडेसातीचा हिशेबही अशा तीन राशींचाच.